मिठाच्या स्थैर्याचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात आठवीत आहे. परवा तिच्या वहीत वाचले : ‘सोडियम आनंदाने इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो, दोघांचे अष्टक पूर्ण होते म्हणून मीठ स्थिर असते.’ (अष्टक म्हणजे अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन.) पुढे बरोबरची खूण होती. शाळेत मीही वर्षानुवर्षे हेच शिकवले, म्हणून हे पत्र.

सोडियम आनंदाने काहीच देत नाही. वायुरूप सोडियमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या) ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. क्लोरीनने तो घेतला की ३४९ परत मिळतात. दोघांचे अष्टक पूर्ण झाले, तरी १४७ किलोज्यूलची खोट राहिलीच! ती भरून निघते विरुद्ध प्रभारांच्या ओढीमुळे. आणि हे आयन, म्हणजे प्रभारित अणू, एकास एक जोडी जमवून थांबत नाहीत. मिठाच्या खड्यात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड असतात, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. सुटे आयन असे रचले जाताना मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, ते ही घट्ट वीण सैल करण्यासाठी.

मॅग्नेशियम ऑक्साइडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ऑक्सिजनवर दुसरा इलेक्ट्रॉन लादायला उलट ऊर्जाच खर्चावी लागते. तरीही दुहेरी प्रभारांची ओढ एवढी जबर, की ते भट्टीच्या उष्णतेतही वितळत नाही; म्हणून पोलादाच्या भट्ट्यांना आतून त्याच्याच विटा लावतात.

मिठात सुटे रेणू नसतात, हे शास्त्रज्ञ ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. तेव्हा जाणत्यांनाही ते पचले नाही. हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाला पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या रचनेवर कडाडून टीका केली होती. मुलांच्या मनात मात्र आपण अजूनही जोडीचेच चित्र बसवतो आणि अकरावीत ‘लॅटिस एनर्जी’ (सुटे आयन रचले जाताना बाहेर पडणारी वरचीच ऊर्जा) आली की मुले गोंधळतात.

नातीला मी जाड्या मिठाचा खडा हलकेच ठोकून भिंगाखाली दाखवला. सपाट बाजूंचे, काटकोनी तुकडे पडले होते. ‘आजी, यातली जोडी कुठली?’ तिने विचारले.

आठवीच्या मुलांना आकडे नकोत. पण ‘मीठ स्थिर आहे ते असंख्य आयनांच्या परस्पर ओढीमुळे’ हे एक वाक्य शिक्षकांनी फळ्यावर लिहावे आणि त्या तासाला एक भिंग व मूठभर खडे मीठ वर्गात न्यावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सांगली