कलाशिक्षकाची बढती त्याच्या कामावर ठरू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अशा दर्जापाठोपाठ शोधनिबंध, गुणांकन आणि पीएच.डी.चे तक्तेही येतात. चित्रकला, शिल्पकला किंवा प्रिंटमेकिंग (छापचित्रकला) शिकवणाऱ्याचे संशोधन मात्र त्याच्या हातच्या कामात असते. ते काम विभागातच, मुलांच्या डोळ्यांदेखत व्हावे आणि बढतीच्या वेळी आधी तेच तपासले जावे, ही आमची मागणी आहे.

एचिंगचेच पाहा. यात धातूच्या पत्र्यावर ग्राउंड, म्हणजे ॲसिड अडवणारा लेप, देतात, त्यात सुईने रेषा ओढतात, उघड्या पडलेल्या रेषा ॲसिडने कोरल्या जातात आणि मग पत्र्यावरून कागदावर छाप घेतात. जस्ताच्या पत्र्याच्या कडा कानशीने तिरक्या घासल्या नाहीत, तर प्रेसखाली कागद चिरतो आणि वरचे महागडे फेल्टही (लोकरी जाड कापड) कापले जाते. खडूची पूड आणि अमोनियाने पत्रा साफ केल्यावर त्यावर पाणी सलग पसरले पाहिजे. थेंब गोळा होत असतील तर तेलकटपणा राहिला आहे आणि तिथला ग्राउंड ॲसिडमध्ये सुटणार, हे नक्की. नायट्रिक ॲसिड एक भाग, पाणी आठ ते दहा भाग. ॲसिड पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. रेषांवर बुडबुडे साचले की ते पिसाने हलकेच सारायचे, नाहीतर रेषा दातेरी होते. इथवरचे सगळे वहीत उतरवून देता येते. पण मे महिन्यात हेच द्रावण जानेवारीपेक्षा वेगाने पत्रा खाते. लागोपाठ मोठे पत्रे टाकले की ते तापते, आणि बरेच पत्रे होऊन गेले की मंदावते. वहीत ‘दहा मिनिटे’ लिहून घेतलेल्या मुलाचा पत्रा बिघडतो तो इथे. शिक्षक स्वतःचा पत्रा त्याच ट्रेमध्ये टाकून उभा असेल, मधून मधून बाहेर काढून, धुऊन, सुईच्या टोकाने रेषेची खोली चाचपत असेल, तर शेजारच्या मुलाला बुडबुड्यांच्या वेगावरून अंदाज येऊ लागतो. हे फळ्यावर शिकवता येत नाही.

बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातली ललित कला शाखा १९५० मध्ये उभी राहिली ती काम करणाऱ्या कलावंतांच्याच बळावर. चित्रकला इंदूरच्या ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे होती, शिल्पकला शंखो चौधुरींकडे. ज्योती भट्ट न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये इंटाग्लिओ (पत्र्यात कोरलेल्या रेषांत शाई भरून छापण्याची पद्धत) शिकून आले आणि बडोद्याच्या मुलांना त्याचा थेट लाभ झाला. नसरीन मोहम्मदी १९७२ पासून १९९० पर्यंत तिथे शिकवत होत्या. आज त्यांची ओळख असलेली बारीक रेषांची चित्रे बरीचशी त्याच वर्षांतली आहेत. आपल्याकडे जे. जे.मध्ये शंकर पळशीकर आणि पुढे प्रभाकर कोलते यांचे चित्र आणि शिकवणे वेगळे काढताच येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दृश्यकलेतल्या व्यावसायिक कलावंताला नेट या पात्रता परीक्षेशिवाय सहायक प्राध्यापक होण्याची वाट ठेवली आहे. तोच विचार बढतीला लावावा. मात्र नुसती प्रदर्शनांची संख्या मोजू नये. भाड्याची गॅलरी पैसे भरून मिळते आणि आकडा सहज फुगतो. त्याऐवजी शिक्षकाने क्रमांक घातलेल्या आवृत्तीतली (एकाच पत्र्यावरून काढलेल्या छापांच्या संचातली) एक छाप, मधल्या टप्प्यांच्या चाचणी छापा आणि ॲसिड, वेळ, कागद, शाई यांच्या नोंदी विभागाकडे जमा कराव्यात. बाहेरचा एक कलावंत, एक कलेतिहासकार आणि एक संग्रहालयाचा जाणकार यांनी त्या समोर ठेवून प्रश्न विचारावेत. त्या छापांवर पुढच्या तुकड्याही शिकतील.

रजेचा घोळही मिटवला पाहिजे. जहांगीर कला दालनातले प्रदर्शन मंगळवार ते सोमवार चालते आणि तारीख फार आधी मागावी लागते. त्या आठवड्यासाठी शिक्षकाला किरकोळ रजा खर्ची घालायला लावू नये. ती कर्तव्य रजा धरावी आणि एका दिवशी वर्गच दालनात न्यावा.

आणि शिक्षकाने विभागात काम करावे असे म्हणायचे असेल, तर तिथली हवा श्वास घेण्याजोगी हवी. नायट्रिकमधून निघणारा तपकिरी वायू हवेपेक्षा जड असतो. छताचा पंखा तो खोलीभर पसरवतो आणि भिंतीत उंचावर बसवलेला एक्झॉस्ट तो माणसाच्या नाकासमोरून वर ओढतो. हवा ओढून घेणारी सोय ट्रेच्या काठाशी, मागच्या बाजूने हवी. तेवढा खर्च झेपत नसेल, तर जस्तासाठी मोरचूद आणि मिठाचे द्रावण वापरता येते. लिटरभर पाण्याला दोन्ही सुमारे ७५-७५ ग्रॅम पुरतात आणि तो तपकिरी वायू निघत नाही. तळाशी तांब्याचा लालसर गाळ साचतो, तो रेषांतून सतत झाडावा लागतो. वापरलेले द्रावण मोरीत ओतू नये, साठवून घातक कचऱ्यात द्यावे. नव्या विद्यापीठाच्या पहिल्या अंदाजपत्रकांत या बाबीसाठी स्वतंत्र रक्कम दिसावी.

आपले,
प्रिंटमेकिंगचे दोन निवृत्त शिक्षक, पुणे