माजी सैनिकांना पहिला नंबर कशासाठी?

तीर्थरूप आई-बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले की, तू काम करतेस त्या कॉलेजात माजी सैनिकांना विषयांची नोंदणी करायला इतरांच्या आधी का बोलावतात. वर्दी उतरवल्यावर माणसाने चारचौघांसारखे रांगेत उभे राहायला काय हरकत आहे? हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी दोन वाक्यांत उत्तर दिले असते, पण उमेदीची सगळी वर्षे मराठा लाइट इन्फन्ट्रीत काढलेल्या माणसाने तो विचारला, म्हणून नीट बसून लिहिते आहे.

आपल्याकडे एकदा प्रवेश मिळाला की त्या वर्षाचे सगळे विषय आणि वर्ग आपोआप मिळतात. इथे कॅलिफोर्नियात तसे नाही. प्रवेश मिळतो तो कॉलेजात; वर्गातली जागा मात्र प्रत्येक सेमिस्टरला, प्रत्येक विषयासाठी, ज्याची त्याने मिळवायची असते. प्रत्येक विद्यार्थ्याला नोंदणीची तारीख आणि वेळ ठरवून दिलेली असते, त्या क्षणापासून संगणकावर विषय निवडता येतात, आणि वर्ग भरला की उरते ती वेटलिस्ट. माजी सैनिकांचा पहिला नंबर म्हणजे एवढेच की त्यांची ही वेळ इतरांच्या आधी येते. त्यात गुणांची सवलत नाही, परीक्षा सोपी होत नाही आणि नापास होणारा पासही होत नाही. राज्याच्या शिक्षण कायद्याने हे कम्युनिटी कॉलेजांना (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांना) आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला बंधनकारक केले आहे. पूर्वी सैन्य सोडल्यापासून चार वर्षांच्या आतच हा हक्क वापरावा लागे. 2012 च्या दुरुस्तीने ती मुदत 15 वर्षे केली, आणि ते मला फार योग्य वाटते, कारण घरी परतलेला प्रत्येक सैनिक लगेच पुस्तक हातात घेण्याच्या मनःस्थितीत असतोच असे नाही.

आता खरे कारण सांगते. ते मानापेक्षा पैशाच्या नियमांत आहे. 11 सप्टेंबर 2001 रोजी किंवा त्यानंतर सेवा केलेल्या सैनिकांसाठी 2008 साली कायदा झाला आणि 1 ऑगस्ट 2009 पासून तो लागू झाला. त्यात पूर्ण हक्कदार सैनिकाला 36 महिन्यांपर्यंत शिक्षणाचा खर्च आणि घरभाड्याचा भत्ता मिळतो. हा भत्ता त्याने किती विषय घेतले आहेत त्यावर ठरतो. नेहमीच्या सेमिस्टरमध्ये 12 युनिट (म्हणजे आपल्याकडचे क्रेडिट) घेतले तर तो पूर्ण मिळतो, 9 घेतले तर 80 टक्के मिळतो आणि 6 वर आले तर काहीच मिळत नाही. सगळे विषय ऑनलाइनच घ्यावे लागले, तर देशाच्या सरासरी भत्त्याच्या निम्मीच रक्कम हाती येते, मग तो सॅन दिएगोसारख्या महागड्या शहरात का राहात असेना. शिवाय पैसे मिळतात ते फक्त पदवीसाठी लागणाऱ्या विषयांचे. जागा रिकामी दिसली म्हणून भलताच विषय घेतला, तर सरकार त्याचे पैसे देत नाही.

आमच्याकडे एक मुलगा आहे, मुलगा म्हणते पण तिशी ओलांडलेला आणि दोन लेकरांचा बाप आहे. नौदलात तो वैद्यकीय सेवक होता आणि आता त्याला नर्सिंगला जायचे आहे. त्यासाठी आधी शरीररचनाशास्त्र, मग शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय पार करावे लागतात, आणि ते प्रयोगशाळेचे विषय असल्यामुळे जितकी टेबले तितकीच मुले घेता येतात. हे वर्ग सर्वांत आधी भरतात. शरीररचनेचा वर्ग हुकला तर त्याच्यापुढचे सगळे विषय एक सेमिस्टर मागे जातात, युनिट कमी पडल्यामुळे त्याच महिन्यापासून घरभाडे कमी येते, आणि तरीही 36 महिन्यांचा हिशेब सरतच राहतो. म्हणजे सरकारने कायदा करून दिलेला हक्क एका भरलेल्या वर्गामुळे काही अंशी वाया जाऊ शकतो. नोंदणीची वेळ चार दिवस आधी दिली की हे टळते, आणि त्यासाठी कॉलेजला नवी इमारत बांधावी लागत नाही की नवा प्राध्यापक नेमावा लागत नाही. सरकारी योजनांत इतक्या कमी खर्चात इतके काम करणारा नियम मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आई, तू मध्येच म्हणालीस की रात्रपाळी करून शिकणाऱ्या बाईने मग काय करायचे, तिलाही जागा हवीच असते. तुझे म्हणणे अगदी रास्त आहे. म्हणूनच आमच्या पहिल्या गटात फक्त सैनिक नाहीत. आईवडिलांच्या छत्राविना सरकारी देखरेखीत वाढलेली मुले, अपंग विद्यार्थी आणि सरकारी मदतीवर संसार चालवणारे पालकही त्याच गटात आहेत. तरीही काही गरजू बाहेर राहतात, आणि त्यावरचा उपाय वर्ग वाढवणे हा आहे, सैनिकांना मागे ढकलणे हा नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

बाबांनी आणखी एक विचारले होते, की कागद कोणता दाखवावा लागतो. तुमचे डिस्चार्ज बुक ट्रंकेत जसे जपून ठेवलेले आहे, तसा इथे डीडी-214 नावाचा दाखला असतो. त्याच्या ज्या प्रतीवर सेवा कशी झाली आणि सैनिक कोणत्या शेऱ्याने बाहेर पडला हे लिहिलेले असते, ती प्रत आम्ही पाहतो. त्यासोबत ओळख-सत्र आणि काउन्सेलरबरोबर बसून केलेला अभ्यासक्रमाचा आराखडा पूर्ण असावा लागतो, आणि पुष्कळांचे घोडे इथेच अडते. म्हणून नोंदणी सुरू होण्यापूर्वी आम्ही एकेकाला फोन करतो.

हे सगळे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण आपल्या आत्याचा सोहम. तो ज्यातून सैन्यात गेला ती चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना 2022 मध्ये आली आणि तिच्यात चार वर्षे झाली की जास्तीत जास्त चौथा हिस्साच कायम होतो. बाकीची मुले पंचविशीच्या आतबाहेर घरी परततील. त्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळेल, आणि इग्नूने त्यांच्यासाठी आखलेल्या पदवीत निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरले जातील. पण उरलेले निम्मे त्यांना अभ्यास करूनच मिळवायचे आहेत. सोहम कायम झाला तर आनंदच आहे. नाहीच झाला, तर बाबा, तुम्ही त्याला सुरक्षारक्षकाच्या नोकरीची पहिली जाहिरात दाखवण्याआधी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा आणि प्रवेशाच्या तारखा सुटण्यापूर्वी घेऊन जा. त्याच्या प्रशिक्षणाचे सगळे दाखले आतापासूनच एका फाइलीत लावायला सांगा, आणि त्यांचे फोटो काढून मला पाठवा, म्हणजे कोणत्या विषयांचे क्रेडिट मिळू शकेल ते मी त्याच्याशी बोलून पाहीन.

तुमची,
वैशाली