जवळ बसणे

तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ
नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा

प्रिय मित्रा,

सप्रेम जय ख्रिस्त.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. वेचणीच्या धामधुमीत उत्तर राहिले, असे लिहून मी मोकळा झालो असतो. परंतु खरे कारण असे की, त्या पत्रातले एक वाक्य मला शेतात, घरात आणि रानडुकरांच्या भीतीने रात्री जागलीला गेल्यावरही सोडत नव्हते. गेली दोन वर्षे तू रविवारी मंडळीत उपासनेला जात नाहीस, आणि त्याचे तुला फारसे वाईटही वाटत नाही, कारण प्रामाणिकपणे केलेले काम हीच आपली उपासना आहे असे तू आता मानतोस. पुढे तू असेही लिहिलेस की, मनात काहीच उमटत नसताना उभे राहून गीते म्हणणे तुला ढोंग वाटते. या दोन्ही गोष्टी तू मला मोकळेपणाने लिहिल्यास, म्हणून मीही तितक्याच मोकळेपणाने उत्तर देणार आहे.

तुझे पहिले म्हणणे मला मान्य आहे, आणि तेही मनापासून. आपण बोर्डिंगात असताना जे पाळकसाहेब संध्याकाळच्या प्रार्थनेला येत, ते तुला आठवत असतील. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली तुझ्या पुण्याला गेली. त्याआधी ती आपल्या यवतमाळात होती, तेव्हाचे ते विद्यार्थी. इब्री (हिब्रू) भाषेतील 'अवोदा' हा शब्द मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकला. या एकाच शब्दात कष्ट, चाकरी आणि देवाची उपासना असे तिन्ही अर्थ आहेत. बायबलातील उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, आणि त्या 'मशागत' या शब्दाच्या मुळाशी जो धातू आहे, तोच पुढे मंदिरातल्या सेवेसाठी वापरलेला आहे. नांगर धरणारा हात आणि वेदीपुढे जोडलेला हात यांच्यासाठी ज्या भाषेत वेगळा शब्द शोधावा लागला नाही, त्या भाषेत ते पवित्र शास्त्र लिहिले गेले, याचा मला शेतकरी म्हणून फार आनंद वाटतो. प्रेषित पौलानेही रोमकरांस लिहिताना तेच सांगितले की, तुमची शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा. शरीरे म्हटल्यावर त्यात भेगाळलेले तळवे आले, दुखणारी कंबर आली, आणि तुझे रात्रपाळीने तांबारलेले डोळेही आले.

माझ्या आईचे उदाहरण तुला ठाऊक आहे. पहिला पाऊस पडून वाफसा आला की, सरकी टोबण्यापूर्वी ती बियाण्याच्या पिशवीवर हात ठेवून धुऱ्यावर उभी राही, दोन वाक्यांची प्रार्थना करी आणि लगेच पदर खोचून तासाला लागे. प्रार्थना कुठे संपली आणि काम कुठे सुरू झाले, हे मला लहानपणी कधी कळले नाही. त्यामुळे कामाला उपासना म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही.

मात्र तोच अवोदा शब्द आणखी एका ठिकाणी आला आहे, आणि तिथे येऊन तुझा विचार अडतो. निर्गम या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मिसरच्या (इजिप्तच्या) लोकांनी इस्राएलांचे जिणे कष्टाने कडू केले असे सांगितले आहे. चिखलाचे काम, विटांचे काम आणि शेतातील सर्व प्रकारचे काम. तिथेही शब्द अवोदाच आहे. वेठ तीच आणि उपासनाही तीच! म्हणून मोशे मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहून, माझ्या लोकांना जाऊ दे म्हणजे ते रानात माझी सेवा करतील, हा देवाचा निरोप सांगतो, तेव्हा त्या मागणीत सेवा थांबवण्याची गोष्ट नाही. सेवा कोणाची, एवढाच वाद आहे. काम हीच उपासना हे तुझे वाक्य खरे आहे, मित्रा, पण ते अपुरे आहे, कारण काम कोणालाही वाहता येते. ते फारोलाही वाहता येते, आणि वाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या भागातला कापूस कसा खाल्ला, हे तू पुण्यात बातम्यांतून वाचले असशील. बाहेरून बोंड चांगले भरलेले दिसे आणि फोडले की आत किडलेली कवडी निघे. त्या वर्षी मी जितके काम केले तितके आयुष्यात कधी केले नव्हते. पहाटे चारला उठत होतो, रविवारीही फवारणीचा पंप पाठीवरून उतरत नव्हता, आणि बायकोने मंडळीत चला म्हटले की मी तिला अगदी तुझेच उत्तर देत होतो. कर्जाच्या आकड्याखेरीज दुसरे काही मला दिसत नव्हते. तो आकडा माझा धनी झाला होता आणि मी त्याची अवोदा करीत होतो.

डिसेंबरात हंगामाची उपकारस्तुती आली. आपल्या मंडळीची रीत तुला माहीत आहे: कोणी कापसाचे गाठोडे, कोणी ज्वारीची कणसे, कोणी तुरीच्या ओल्या शेंगा, कोणी परसातला भोपळा आणून वेदीपुढे मांडतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पीक गेले तरी चारचौघांत मान खाली जाऊ नये म्हणून मी चांगला कापूस निवडून मोठे गाठोडे नेले. त्याच सुमारास कापसाला भाव येईल या आशेने मी माल घरात रोखून धरला होता, आणि त्यापायी वेचणाऱ्या बायांची दोन आठवड्यांची मजुरी थकवली होती. बाजाराचे दोन दिवस त्यांनी हात हलवत काढले. त्या दिवशीचे वाचन याकोबाच्या पत्रातले होते, पाचवा अध्याय, चौथे वचन: तुमची शेते कापणाऱ्यांची तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे. पाळकांना माझ्या घरातले काही ठाऊक नव्हते. ते वचन नेमलेले होते म्हणून त्यांनी वाचले. माझ्या वेचणाऱ्यांपैकी एक म्हातारी मागच्या सतरंजीवर बसली होती. ती उपासनेत काही बोलली नाही. बाहेर चपला घालताना मात्र तिने हळूच विचारले, "बापू, सोमवारी चुकारा होईन काय? नातवाले दवाखान्यात न्या लागते."

तिच्या बोलण्यात राग असता तर मला सोपे गेले असते. मी त्याच दुपारी खेडा खरेदीवाल्याला बोलावले, मिळेल त्या भावाने कापूस दिला आणि दिवस मावळण्याआधी सगळ्यांच्या घरी जाऊन चुकारा केला. बायबलातील अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यावी अशी आज्ञाच आहे, आणि कारण असे दिले आहे की, त्या गरिबाचे मन त्या मजुरीवर लागलेले असते. मी तर दोन आठवड्यांचे सूर्य मावळू दिले होते. तकोवा गावचा संदेष्टा आमोस हा गुरे राखणारा आणि उंबराची फळे गोळा करणारा माणूस. तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे देवाच्या नावाने तो बोलला. ते शब्द मी बोर्डिंगात पाठ केले होते आणि बक्षीसही मिळवले होते. ते माझ्या गाठोड्याविषयी आहेत, हे त्या रविवारी कळले. मी मंडळीत गेलोच नसतो आणि शेतात उपासना करतो आहे अशा समाधानात राहिलो असतो, तर ते वचन मला कोणी वाचून दाखवले असते? माझे कामच मला ते कधीही सांगणार नव्हते, कारण त्या वेळी माझे काम माझ्या लोभाच्या बाजूचे होते.

इथे मला आपल्या मराठी शब्दाचा आधार घ्यावासा वाटतो. उपासना म्हणजे उप आणि आसन, जवळ बसणे. इब्री शब्दाने मला कष्ट शिकवले आणि मराठी शब्दाने बसणे शिकवले, आणि दोन्ही मिळून मला ख्रिस्ती उपासनेचा अर्थ थोडाफार उमगतो. बेथानीच्या घरात मार्था कामात गुंतली होती आणि तिची बहीण मरीया प्रभूच्या पायांजवळ बसली होती. प्रभूने मार्थेच्या स्वयंपाकाला नावे ठेवली असे मला वाटत नाही, तो जेवायलाच आला होता. तिची दगदग मात्र त्याने ओळखली. तू काम धरलेस आणि बसणे सोडलेस. तुझ्या पत्रात टार्गेट हा शब्द मला सात वेळा आढळला. तो तुला बोचावा म्हणून मी हे लिहीत नाही. मी आकड्याच्या चाकरीत राहिलेला माणूस आहे, म्हणून मला तो ऐकू आला.

विसाव्याच्या दिवसाची आज्ञा अनुवादाच्या पाचव्या अध्यायात पुन्हा एकदा वाच. तिथे तू, तुझा दास, तुझी दासी यांच्याबरोबर बैल आणि गाढवही विसाव्यात घेतले आहेत, आणि कारण सांगितले आहे की, तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. आपल्या गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकताना म्हातारी माणसे "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे त्यांच्या कानाशी म्हणतात, ते मला नेहमी या आज्ञेच्या फार जवळचे वाटत आले आहे. वर्षभर ओढणाऱ्याला एक दिवस पाहुणा मानायचे, त्याच्या मानेवर जू ठेवायचे नाही. रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी तेच आमंत्रण आपल्याला असते. आपण तिथे कमावलेले काही खात नाही.

आता तुझी दुसरी अडचण. मनात काही नसताना गाणे ढोंग आहे, असे तू म्हणतोस. उपासनेत मन उचंबळलेच पाहिजे, ही अट कोणी घातली ते मला समजत नाही. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे किती आहेत ते पाहा. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर सुरुवातीपासून रडत येते आणि अंधारातच संपते, शेवटी समाधानाची एक ओळही जोडलेली नाही. तरीही ते देवाच्या लोकांनी देवापुढे गायचे गीत म्हणूनच शास्त्रात राहिले. शोमरोनी स्त्रीला प्रभूने विहिरीवर सांगितले की, खरे उपासक पित्याची उपासना आत्म्याने व खरेपणाने करतील. उपासना गरिज्जीम डोंगरावर करावी की यरुशलेमात, हा वाद त्याने बाजूला ठेवला. तुझ्या मनात आज कोरडेपणाच असेल, तर तुझा खरेपणा तोच आहे. तो घेऊन ये. आपल्या भागात ज्या घरांतून कर्त्या माणसाने जीव दिला, त्यांतील एका घरची बाई आमच्या मंडळीत येते. ती कित्येक महिने गात नव्हती, नुसती बसून राही. तेव्हा आजूबाजूच्या बाया तिच्या वाटचेही गात. पुढे एका रविवारी तिने दुसऱ्या कडव्यापासून सूर धरला, आणि कोणी वळून पाहिले नाही. एकट्याच्या उपासनेत आपल्या वाटचे गायला दुसरा कोणी नसतो, ही गोष्ट तू विचारात घ्यावीस.

उपासनेच्या पद्धतीविषयी तू जे विचारलेस त्यावर मी लांबण लावत नाही. उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झाली, तेव्हा सहा निरनिराळ्या परंपरांची माणसे एकत्र आली. कोणी छापील क्रमाने प्रार्थना करणारी, कोणी उत्स्फूर्तपणे. त्यांचे जमले, तर आपण चालीवरून का रुसावे? आमच्याकडे सकाळी हार्मोनियमवर गीते होतात आणि महिन्यातून एकदा रात्री टाळ-मृदंगावर भजन. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाने नवा करार वाचण्यास सांगितले, आणि १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग आणि भजने रचली, ती आपल्या माणसांना आपल्याच बोलीत देवाजवळ बसता यावे म्हणून. भजनाला शेजारच्या आळीतले वारकरीही येऊन टाळ धरतात, आणि मला त्यात काही अवघड वाटत नाही.

यंदाची उपकारस्तुती डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी आहे. आमची उपासना एरवी नऊला असते. पण मजुरीने वेचायला जाणाऱ्या बायांचा रविवारचा रोज बुडू नये म्हणून कापसाच्या दिवसांत आम्ही ती साडेसहाला घेतो. ही सूचना त्या म्हातारीनेच मांडली होती. थंडी असते, आणि पत्र्यावरचे दंव थेंबाथेंबाने सतरंजीवर गळते. आपल्या शेतातल्या बायांचा चुकारा आता शनिवारी दुपारीच होतो, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी मी मोकळा असतो. शेवटच्या एस.टी.ने ये, मी फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा राहतो. आईने तुझ्यासाठी तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी करायची म्हणून शेंगा झाडावरच राखून ठेवल्या आहेत. येताना पांघरूण आण. आमच्याकडच्या गोधड्या पाहुण्यांना पुरत नाहीत.

तुझाच,
बोर्डिंगातला सोबती