‘सरहद्द’ नव्हे, वस्तीची कड

मा. संपादक,

रविवार पुरवणीत अमेरिकन कादंबऱ्यांवर लेख आला, हे चांगलंच झालं. पण त्यात ‘फ्रंटियर’ला सगळीकडे ‘सरहद्द’ म्हटलं आहे. सरहद्द म्हटलं की चौकी, पहारा आणि पलीकडचा शत्रू डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतली फ्रंटियर म्हणजे वस्तीची कड. चौरस मैलाला २ पेक्षा कमी माणसं असतील तर तिथली जनगणना त्या मुलखाला वस्तीबाहेरचा धरी. ही कड पश्चिमेकडे सरकत गेली आणि १८९० च्या गणनेत सलग अशी उरलीच नाही. (पलीकडची ‘मोकळी’ जमीन आदिवासींची होती, हे वेगळंच.)

शब्द चुकला की कादंबरीही चुकीची वाचली जाते. जेम्स फेनिमोर कूपरच्या ‘द पायोनियर्स’मध्ये (१८२३) खरा तंटा गावातच आहे. कबुतरांचे थवे येतात तेव्हा वसाहतीतले लोक बंदुका पुरेनात म्हणून छोटी तोफ आणतात. म्हातारा शिकारी नॅटी बम्पो खाण्यापुरतं एक कबुतर पाडतो आणि या नासाडीवर चिडतो. पुढे बंदीच्या काळात हरीण मारलं म्हणून झडती घ्यायला माणसं येतात. तो त्यांना अडवतो, आणि त्यालाच खोड्यात अडकवून तुरुंगात टाकतात. कबुतरांवर तोफ चालवण्यात पुढे असलेला शेरीफ, म्हणजे तिथला कायदा राखणारा अधिकारी, नॅटीला शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचाच नातलग! शेवटी नॅटी पश्चिमेला निघून जातो. ज्या जातीच्या त्या कबुतरांवर तोफ चालली, त्यातलं शेवटचं १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं.

नॅटीच्या या मालिकेत पाच कादंबऱ्या आहेत: १८२३, १८२६, १८२७, १८४० आणि १८४१ च्या. १८२७ च्या पुस्तकात नॅटी मरतो आणि १८४१ च्या पुस्तकात तरुण होऊन भेटतो. कथाक्रमाने वाचायला घेणाऱ्याच्या हाती आधी शेवटी लिहिलेलं पुस्तक येतं. माझ्या मते १८२३ पासूनच वाचावं. निसर्गवर्णनं लांबली तर खुशाल चाळावीत. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांत याच मालिकेतल्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’चा (१८२६) नुसता पाठलाग उरतो. त्यातलं ‘शेवटचा’ही अक्षरशः घेऊ नये, मोहिकन या आदिवासी जमातीचे वंशज आजही विस्कॉन्सिनमध्ये आहेत.

ज्याने वाट मोकळी केली त्यालाच वस्तीत जागा नाही, हा साचा कूपरने घालून दिला. जॅक शेफरच्या ‘शेन’चा (१९४९) नायक शेतकऱ्यांची बाजू राखतो आणि घोड्यावरून निघून जातो. ‘लोनसम डव्ह’मधले (१९८५) म्हातारे माजी रेंजर (टेक्सासचे सशस्त्र पोलीस) टेक्सासहून मोंटानापर्यंत गुरं हाकत नेतात, तेही याच कुळातले. तिथे ‘काउबॉय’ला ‘गुराखी’ करू नये. गुराखी म्हटलं की संध्याकाळी गोठ्यात परतणारा पोर दिसतो. हे पगारी गडी. दहा-बाराजण मिळून दोन-तीन हजार गुरांचा कळप महिनोन्‌महिने हाकत.

विला कॅथरने ‘ओ पायोनियर्स!’मध्ये (१९१३) हा साचा उलटा केला. दुष्काळात शेजारी नेब्रास्कातली जमीन विकून चालते होतात आणि नायिका अलेक्झांड्रा आपली जमीन गहाण टाकून त्यांची विकत घेते. भाऊ विरोध करतात तरी ती अल्फाल्फा पेरते. अनुवादात हा शब्द तसाच ठेवला, तर जत-आटपाडीच्या वाचकाला काहीतरी विलायती पीक वाटेल. तिथे सरळ ‘लसूणघास’ लिहावं.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली