प्रयोगशाळेच्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हीच म्हणाल, "बाई, कशाला उगं?" पण वसमतजवळच्या त्या शाळेत आंतरवासितेला, म्हणजे शिकवण्याच्या सरावाला, आलेल्या आमच्यापैकी कुणीही हे वाचलं, तरी पत्र कुणाला आहे ते लगेच कळेल.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही ज्या शाळेत होतो, तिथेही प्रयोगशाळा होती. दारावर पाटी, पाटीखाली कुलूप. किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं: "फुटलं तर कोण भरणार?" मग आम्लाचा धडा तक्त्यावरच झाला. निळ्या स्केचपेनने निळा लिटमस, लाल स्केचपेनने लाल. निरीक्षणाला आलेल्यांनी पाठाच्या टाचणातले रकाने तपासले, फलकलेखन छान आहे म्हणाले आणि चहाला गेले. कॉलेजातही निराळं काही नव्हतं. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सरावपाठात, प्रश्न कसा विचारायचा, प्रबलन म्हणजे शाबासकी कशी द्यायची, फळ्याशी किती तिरकं उभं राहायचं, सगळं घोटून घेतलं. काचेचं भांडं मात्र हातात आलं नाही. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं, त्यातले 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. ते कुलपाबाहेर उभं राहून काढावे लागतील, असं माहितीपत्रकात कुठे छापलेलं नव्हतं.

तुम्ही पहिल्याच सकाळी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवलात आणि विचारलंत, "काय काय काढू?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो.

आठवीचा 'आम्ल, आम्लारी ओळख' घ्यायचा होता. लिटमसच्या पट्ट्या जुन्या, दमट झालेल्या. तुम्ही हसलात, "हळदीच्या मुलखात लिटमसवाचून अडतंय होय?" खरंच की. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि वर्गातल्या कितीतरी पोरांच्या घरी हळद शिजते. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो, हे त्यांना आमच्याआधीपासून ठाऊक. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरवा, हे तुम्ही सांगितलंत. गाळणकागद त्यात बुडवून वाळवला, पट्ट्या कापल्या. चुन्याची निवळी लागली की पट्टी तांबडी, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. लिटमस दगडफुलाच्या जातभाईंपासून काढतात म्हटल्यावर मागून एक जण ओरडला, "काळ्या मसाल्यातलं दगडफूल?" त्याच्या घरच्या डब्यातलं निराळं, पण नात्यातलंच. त्या एका प्रश्नावर आख्खा तास गेला असता.

तेवढ्यात परीक्षानळी फुटली.

शहाबादी फरशीवर ती पडल्याचा आवाज अजून कानात आहे. जिच्या हातून पडली ती पोर पांढरीफटक. बोटं हळदीनं पिवळी, आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो "किती रुपये भरायचे?" आठवीतलं लेकरू, मामा! हे तिला कुणी शिकवलं असेल ते वेगळं सांगायला नको.

तुम्ही आधी अनवाणी पोरांना बाकावर चढवलंत. मग काच झाडलीत. कुणावर डोळे वटारले नाहीत, तिला "असू दे" असंही म्हणाला नाहीत. कपाटातून दुसरी नळी काढलीत आणि सरळ तिच्याच हातात दिलीत. शेजारची हुशार मुलगी हात पुढे करून उभी होती, तिला दिली नाहीत. "वरून धर, काठाजवळ," एवढंच बोललात आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिलात. तिने निवळी ओतली, पट्टी बुडवली, तांबडी झाली. त्यानंतर तिने जे हात वर करायला सुरुवात केली, ती आमचा मुक्काम संपेपर्यंत थांबली नाही.

नंतर मी रजिस्टरची काळजी केली तेव्हा तुम्ही म्हणालात, "कपाटात ठेवून काय लोणचं घालायचंय?" नोंद तुम्हीच केलीत, मुलीचं नाव न घालता.

आमच्या मराठवाड्यात साहेब खूप झाले. फाट्यावर परीक्षेची पोरं दिसली की थांबा नसताना बस थांबवणारा कंडक्टर, दाखल्यासाठी उन्हातान्हात आलेल्या म्हाताऱ्याला आधी पाणी देणारा कारकून, अशांच्या नावाची कोनशिला कुठे बसत नाही. गाव चालतं ते त्यांच्यावर. आमच्या प्रशिक्षणात मूल्यशिक्षणाचाही भाग होता, त्यावर मी पानंच्या पानं लिहिली. फुटलेल्या नळीनंतरच्या त्या दोन मिनिटांवर कुणी प्रश्न काढला नाही.

आता टीईटी ही पात्रता परीक्षा, मग टेट ही अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. नोकरी लागेल तेव्हा लागेल. कुठल्याही शाळेत गेले तरी हजेरीपटाआधी प्रयोगशाळेची किल्ली मागणार आहे, आणि कुणी "कोण भरणार?" म्हणालं तर तुमचं लोणच्याचं वाक्य ऐकवणार आहे. उसनं घेतलंय, रागावू नका.

पुढच्या बॅचचे छात्राध्यापक येतील, त्यांनाही स्पिरिटचं सांगा. आम्ही वर्गणी काढून परीक्षानळ्यांचं एक खोकं पाठवतोय. रजिस्टरला चढवायच्या आधी थोड्या वापरून घ्या.

तुमची,
बी.एड. द्वितीय वर्ष, विज्ञान मेथडची एक छात्राध्यापिका