सहा टक्के हळू

प्रिय मित्रा,

सात महिने झाले, तुझ्या पत्राला उत्तर नाही. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. गुडघा काय, आहे तसाच आहे.

लिहायला बसलो कारण परवा तू खरा ठरलास. आमच्या टेपवर ती निळी कॅसेट लागली की तू म्हणायचास, "हा गातोय की पेंगतोय?" त्यावरून आठवडाभर अबोला धरला होता मी, आठवतं? परवा तेच गाणं मोबाइलवर लागलं. स्वच्छ, खणखणीत, आणि परकं. शब्द न् शब्द पाठ, पण घर काही आलं नाही रे.

मग डोक्यात प्रकाश पडला. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. आमच्या टेपचा रबरी पट्टा सैल, ती जेमतेम साडेचार सरकत असणार. वेग सहा टक्के घटला की सूर पेटीवरच्या एका पट्टीने उतरतो. काळी दोनचं गाणं पांढरी दोनवर. मुलाकडून तेवढं हळू करून घेतलं, वेगाबरोबर सूरही उतरेल असं. पहिला आलाप संपायच्या आत जिन्यातला ओलसर वास आला. टेपचं झाकण नीट बसावं म्हणून खोचलेली आगपेटीची घडी दिसली, तिच्यावरचा नानांच्या अंगठ्याचा काळा डागसुद्धा. दुसऱ्या कडव्यात, जिथे आमची बाजू संपायची, तिथे मी चक्क 'खट्ट' होण्याची वाट पाहिली. गाणं आपलं पुढे चालूच! नाना ओरडले नाहीत, "अरे, बाजू बदला!"

आता खरी गोम. चार दिवसांत अकरा वेळा ऐकलं. अकराव्या वेळी जिना नव्हता. हे टेबल होतं, हा दिवा होता. वाचलंय की आठवण बाहेर काढली की थोडा वेळ मऊ पडते आणि पुन्हा घट्ट होताना बदलू शकते. २००० साली उंदरांच्या भीतीच्या आठवणीवर तसे प्रयोग झाले. (उंदीर म्हटल्यावर तुला कोण आठवलं ते कळलं. गप्प बस.) घर तर पाडलं, उरलंय ते या गाण्यात, आणि तेही मीच वाजवून वाजवून झिजवतोय की काय? धसका घेऊन ऐकणं बंद केलंय. त्यात ताई म्हणते टेप कपाटावर असायचा. मला तो खिडकीत दिसतो, पडदा त्याच्यावर घासताना. ताईला न विचारता तुला दिसतो तिथे लिहून पाठव.

मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार. नव्या नोकरीचं काय झालं?

आणि हो, अबोला सुटल्यावर "एकदाच ऐकतो" म्हणून नेलेली ती निळी कॅसेट तुझ्याकडेच आहे. नाही म्हणू नकोस.

तुझाच,
मी