ऑपेरा म्हणजे नुसती आरडाओरड नव्हे

संपादक साहेब, नमस्कार. आमच्याकडे ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्यांचं संगीत नाटक, म्हटलं की लोक हसतात, बाई किंचाळते म्हणतात. मी पण तसंच म्हणायचो, पण मुलीने मोबाईलवर वेर्दी या इटालियन संगीतकाराचा ‘ला त्राव्हियाता’ हा ऑपेरा लावून दिला, खाली शब्दांचा अर्थ येत होता, आणि दुसऱ्या अंकात नायकाचा बाप येऊन नायिकेला, व्हायोलेटाला, माझ्या मुलाला सोड म्हणतो तिथं मी रडलोच की ओ. हा ऑपेरा 1853 चा, व्हेनिसमध्ये पहिल्यांदा झालेला, इटालियन भाषेतला, आणि इटालियनचा एक शब्द मला येत नाही, तरी रडलो.

मग कळलं, हे गायक पूर्वापार माईक न लावता गातात, पुढे अख्खा वाद्यवृंद वाजत असतो त्याच्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, म्हणून तो आवाज तसा लागतो. गोष्ट पुढे नेणारं बोलल्यासारखं गाणं वेगळं आणि मनातलं सांगणारं पद, म्हणजे आरिया, वेगळं. आपल्या संगीत नाटकात पद सुरू झालं की गोष्ट थांबते, तसंच हे.

आणि आपण तर अण्णासाहेब किर्लोस्करांच्या बेळगाव जिल्ह्यातले! गुर्लहोसूरचा माणूस, 1880 साली पुण्यात संगीत शाकुंतल उभं केलं. गोकाककडचं श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य कन्नडमध्ये असतं, सगळं कळत नाही तरी आपण रात्रभर बसतोच ना. तुमच्या रविवारच्या पुरवणीत एकेका ऑपेराची गोष्ट आणि त्यातलं एखादं पद कसं ऐकायचं एवढं जरी छापलंत तरी पुष्कळ होईल.

– एक वाचक, खानापूर